सासूबाईंचा पाय आणि नौपाड्यातलं हे व्हेन क्लिनिक : साडेचार स्टार, अर्धा जिन्यासाठी कापला

आधीच सांगते, रिव्ह्यू लांबलचक आहे. ज्यांना फक्त जावं की नाही एवढंच हवंय त्यांनी जावं, सकाळची वेळ घ्यावी आणि गाडी अजिबात आणू नये. बाकीच्यांनी चहा घेऊन बसा.

आमच्या सासूबाई, मी आईच म्हणते त्यांना, ठाण्यात वर्तकनगरला पोळीभाजी केंद्र चालवतात. साठी उलटली तरी पहाटे तव्यासमोर उभ्या राहायच्या त्या दुपारपर्यंत आणि संध्याकाळी परत. डाव्या पोटरीवर गाठीगाठीच्या निळ्या शिरा, व्हेरिकोज व्हेन्स म्हणतात त्या, पहिल्यापासून होत्या पण दुखत नाहीत म्हणून कोणी मनावर घेतलं नाही, मग संध्याकाळी घोटा सुजायला लागला, मग घोट्याच्या आतल्या बाजूला खाज, मग तिथली कातडी आधी तांबूस मग काळपट मग हाताला कडक लागायला लागली, आणि गेल्या पावसाळ्यात तिथे खाजवून खाजवून जखम झाली ती काही केल्या भरेचना. खपली धरायची, दोन दिवस बरं वाटायचं की परत ओली.

उपाय काय कमी झाले का? जखमेला मलमं, ड्रेसिंग, अँटिबायोटिकचे कोर्स. खाजेला कातडीच्या डॉक्टरांचं वेगळं क्रीम. सूज उतरायला लघवीची गोळी, ती घेतली की बाथरूमच्या फेऱ्या सुरू आणि सूज जिथल्या तिथे. एका ठिकाणी गुडघ्याचे एक्स-रे काढले, कारण साठीची बाई पाय दुखतो म्हणतेय म्हणजे गुडघाच असणार. युरिक अ‍ॅसिड तपासून झालं. शेजारच्या काकू हळद-खोबरेल घेऊन आल्या, गावाहून फोन आला की जळवा लावून घ्या. जो तो जे दिसतंय त्याच्यावर काहीतरी लावत होता, हे होतंय कशामुळे असं कोणी विचारलंच नाही. या क्लिनिकला मी जे स्टार देतेय ते मुख्यतः एवढ्या एका गोष्टीसाठी.

क्लिनिक राम मारुती रोडकडून घंटाळीच्या बाजूला वळलं की आतल्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर. लिफ्ट नाही!! पायाच्या पेशंटचं क्लिनिक आणि लिफ्ट नाही, हे ज्याला सुचलं त्याला माझा नमस्कार. आई कठडा धरून एकेक पायरी चढल्या, वर रिसेप्शनला पोचल्यावर तिथली मुलगी म्हणते "काकू, खाली बेल आहे ना, वाजवली असती तर खुर्ची आणली असती." आता बेल जिन्याच्या मागे मीटरबॉक्सच्या शेजारी लावलीये ती कोणाला दिसणार.

डॉक्टर मॅडम व्हॅस्क्युलर सर्जन आहेत, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या. मला वाटलं होतं आत गेलो की लगेच मशीन लावतील आणि लेझरचं (शीर आतून भाजून बंद करायचं) पॅकेज सांगतील, अशा जाहिराती हल्ली घोडबंदर रोडला प्रत्येक सिग्नलला दिसतात. तर मॅडमनी मशीनला हातच लावला नाही बराच वेळ. आधी आईंना उभं केलं, पडदा लावून दोन्ही पाय मांडीपर्यंत बघितले, टेपने दोन्ही पोटऱ्या मोजल्या, नडगीवर अंगठा दाबून धरला आणि खड्डा किती पडतो ते बघितलं, पावलावरची नाडी चाचपली. आणि प्रश्न. सूज सकाळी उठल्यावर असते का दिवसभरात चढते, आधी कुठला पाय सुजला, पाय वर ठेवला की उतरते का, जिना चढताना धाप लागते का, रात्री झोपायला उशा किती लागतात, लघवीला फेस येतो का, घरात आई-वडिलांना अशा शिरा होत्या का, बाळंतपणं किती. उशांचा प्रश्न आईंना कळेना, पायाचं दाखवायला आले आणि ही उशा मोजतेय. मॅडमनी नीट समजावलं की हृदय कमजोर असेल तर आडवं झाल्यावर दम लागतो, लोक नकळत उशा वाढवत जातात, आणि अशा हृदयामुळे पायालाही सूज येते.

मग म्हणाल्या गोळ्यांची पिशवी दाखवा. (फोनवर अपॉइंटमेंट देतानाच सांगतात, सगळी पाकिटं घेऊन या, प्रिस्क्रिप्शन नाही तर प्रत्यक्ष पाकिटं.) एक पाकीट हातात घेतलं आणि आईंना विचारलं, "काकू, ही बीपीची गोळी कधीपासून?"

"ती होय, ती जुनी आहे. आधी पाचची होती, दिवाळीच्या सुमारास दहाची केली."

"आणि उजवा पाय कधीपासून सुजतो?"

आई माझ्याकडे बघायला लागल्या. "त्याच्यानंतरच ना गं?"

हो. त्याच्यानंतरच. डावा पाय जुना दुखणेकरी आणि उजवा नंतर सामील झाला, घरात सगळ्यांनी दोन्ही पायांचं एकच दुखणं धरलं होतं. गोळी अ‍ॅम्लोडिपिन, भारतात बहुतेक प्रत्येक घरात कोणाची ना कोणाची चालू असते. चांगली गोळी आहे, बीपी छान ठेवते, पण तिने बारीक धमन्या सैल होतात आणि पुढची शिरांकडची बाजू त्या प्रमाणात सैल होत नाही, त्यामुळे मधल्या केशवाहिन्यांत दाब वाढून पाणी बाहेर झिरपतं आणि घोट्याशी साठतं. डोस जितका जास्त तितकी सूज येण्याची शक्यता जास्त. आणि अंगात पाणी मुळात जास्त झालेलंच नसतं म्हणून लघवीच्या गोळीने ही सूज फारशी उतरत नाही. म्हणजे आई रात्री-अपरात्री उठत होत्या त्या जवळपास फुकटच. मॅडमनी मात्र गोळी स्वतः बदलली नाही आणि आम्हालाही बजावलं की मनाने बंद करायची नाही, बीपी उसळेल. आमच्या फॅमिली डॉक्टरांना चिठ्ठी लिहून दिली, त्यांनी डोस परत पाचवर आणून सोबत टेल्मिसार्टन जोडली, आणि काही आठवड्यांत उजव्या पायाला परत घोट्याचं हाड दिसायला लागलं. एका पायाचा प्रश्न मशीन न लावता सुटला.

आता डावा. त्याचं डॉपलर (रक्त कसं वाहतं ते दाखवणारी सोनोग्राफी) आम्ही आधी दुसरीकडे केलेलं होतं आणि रिपोर्ट नॉर्मल होता, ती फाईल मी ऐटीत पुढे केली. मॅडमनी वाचून सांगितलं की हे बरोबरच आहे, पण हे झोपवून, आतल्या मोठ्या शिरेत गुठळी आहे का एवढंच बघायला केलंय. गुठळी नाही. शिरांच्या झडपा नीट मिटतात का हे बघायचं असेल तर पेशंटला उभं करून बघावं लागतं. मग त्यांनी स्वतः केलं, टेक्निशियनवर सोडलं नाही. आईंना छोट्या स्टुलावर उभं केलं, धरायला दांडी होती, पोटरी दाबून सोडली आणि स्क्रीन आमच्याकडे वळवली. पोटरी दाबली की रक्त वर जातं तो एक रंग, सोडली की खरं तर थांबायला हवं, पण इथे दुसरा रंग उमटला आणि तसाच राहिला. पायातलं रक्त वर हृदयाकडे चढवायचं काम पोटरीचे स्नायू करतात आणि ते परत खाली येऊ नये म्हणून शिरेत ठिकठिकाणी झडपा असतात, बिल्डिंगच्या पाण्याच्या पाइपला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असतो तशा. कातडीखालच्या शिरेत अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त वेळ रक्त उलटं आलं तर झडप नादुरुस्त धरतात. आईंचं चांगलं दोन-तीन सेकंद उलटं येत होतं, जांघेपासून घोट्यापर्यंत आतल्या बाजूने जी लांब शीर येते तिच्यात.

आणि मग सगळ्याचा उलगडा झाला. रक्ताचा सगळा दाब घोट्याशी येऊन थांबतो, म्हणून सूज तिथे. दाबामुळे तांबड्या पेशी बाहेर झिरपतात, त्यांच्यातलं लोह कातडीत साठतं, म्हणून तो काळपट रंग. खाज त्याचीच, कडक कातडी त्याचीच, आणि घोट्याच्या आतल्या बाजूला, हाडाच्या जरा वर होणारी ही जखम पण त्याचीच. मॅडम म्हणाल्या जखम कुठे आहे त्यावरूनच अर्धं निदान होतं, शिरेची असेल तर बहुतेक वेळा इथे, धमनी बंद होत आली असेल तर बोटांच्या टोकांना किंवा टाचेला, शुगरमुळे पाय बधिर झालेला असेल तर तळव्याला जिथे भार पडतो तिथे. इतके महिने इतक्या लोकांनी ती जखम बघितली होती.

तरीही लेझरचं नाव नाही. दोन्ही पाय सुजतात म्हणून आधी क्रिएटिनिन, अल्ब्युमिन, थायरॉइड, लघवीतलं प्रोटीन आणि टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) करून या म्हणाल्या, कुठून करायचं ते तुम्ही बघा, अमुकच लॅब असं काही नाही. हे मला फार आवडलं. किडनी, लिव्हर, हृदय, थायरॉइड यांतलं काहीही पायाच्या सुजेमागे असू शकतं आणि ते असताना नुसती शीर बंद करून काय होणार. आमचं सगळं ठीक निघालं.

मग आली ती तपासणी जी मी आधी कधी ऐकलीच नव्हती. दोन्ही दंडांचं बीपी घेतलं आणि मग घोट्यांचं, छोट्या पेनसारख्या डॉपलरने आवाज ऐकत. घोट्याचं भागिले दंडाचं. साधारण एकच्या आसपास आलं तर ठीक, 0.9 च्या खाली आलं तर पायाच्या धमन्यांत अडथळा. शिरेच्या दुखण्यात पाय बाहेरून घट्ट बांधतात, पण त्याआधी हे करावंच लागतं, कारण मुळात वरून रक्त कमी येत असेल आणि आपण बाहेरून आवळलं तर पायाचं नुकसान होतं. जुनी शुगर असेल तर धमन्या कडक होऊन आकडा खोटा जास्त दिसतो, तेव्हा अंगठ्याचा दाब घेतात. आणि इथे स्टेशनजवळ दुकानात जाऊन "व्हेरिकोजचे सॉक्स द्या" म्हटलं तर ते फक्त विचारतात, मीडियम की लार्ज?

आईंचा आकडा चांगला आला. जखम होती तोवर सॉक्स नाहीत, दर आठवड्याला तिथल्या सिस्टर येऊन थरांचं बँडेज बांधायच्या, पावलाच्या बोटांमागून गुडघ्याखालपर्यंत. सिस्टरांना वेगळे पाच स्टार. हात इतका सारखा की आठवडाभर बँडेज घसरलं नाही, आणि बांधता बांधता आईंकडून मेथीच्या पोळीची रेसिपी काढून घेतली. त्यातच मध्ये लेझर झालं. आत भूल वगैरे काही नाही, शिरेच्या कडेकडेने बधिर करायचं पाणी टोचतात, ते टोचणं दुखतं, "अजिबात दुखत नाही" असं रिसेप्शनवर सांगतात त्यावर विश्वास ठेवू नका. पण उठून चालतच बाहेर आल्या आणि त्याच दिवशी घरी.

जखम असताना लेझर का, आधी भरू द्या ना, असं मी विचारलं होतं. त्यावर मॅडमनी एका ब्रिटिश अभ्यासाचं नाव सांगितलं, ईव्हीआरए, नंतर मी स्वतः शोधून वाचला. 2018 ला आला, 450 पेशंट होते, सगळ्यांना बँडेज होतंच, अर्ध्यांची शीर लगेच बंद केली आणि बाकीच्यांची थांबून. लगेच केलेल्यांची जखम भरायला मध्यक 56 दिवस, थांबलेल्यांना 82. डॉक्टरला प्रश्न विचारला आणि तोंड वाकडं न होता उत्तर मिळालं, ठाण्यात हे मला तरी नवीनच आहे.

आता सॉक्स. जखम भरल्यावर क्लास टू चे, म्हणजे 23 ते 32 मिलिमीटर पाऱ्याचा दाब, गुडघ्यापर्यंतचे. माप सकाळी घेतात, सूज चढायच्या आत, घोटा पोटरी आणि लांबी. क्लिनिकमध्येच विकायलाही आहेत पण छापील किमतीला, मॅडम स्वतःच म्हणाल्या माप इथे घ्या आणि घ्यायचे कुठूनही घ्या, आम्ही बाहेरून घेतले, बऱ्यापैकी स्वस्त पडले. घालायचं तंत्र सिस्टरांनी शिकवलं, टाचेपर्यंत उलटा करायचा, पाऊल आत, टाच नीट बसवायची आणि मग भांडी घासायचे रबरी ग्लोव्हज घालून तळहाताने वर सरकवायचा, वरून धरून ओढायचा नाही. पहिल्या आठवड्यात आमच्याकडे रोज सकाळी कुस्ती. सकाळी अंथरुणातून पाय खाली टाकायच्या आधी घालायचा, रात्री काढायचा, साधारण सहा महिन्यांनी ताण गेला की नवीन. आणि हे सगळं युरोपातल्या हवेला ठीक आहे हो, मे महिन्यात ठाण्यात, समोर गॅस आणि तवा पेटलेला, त्यात ते जाड मोजे, आई एकदा म्हणाल्या याच्यापेक्षा जखम बरी होती. तडजोड अशी झाली की पोळ्या लाटायला उंच स्टूल आणलं, तव्यावर आता बाई ठेवलीये, आणि मधल्या वेळात टाचा वर-खाली करायचा व्यायाम. तो व्यायाम मी नाही सांगितला तर त्या करत नाहीत.

वेटिंगबद्दल. वेळ दिलेली असते ती नावाला. तास तर धराच. पण मॅडम एकेकाला जो वेळ देतात तो बघितल्यावर तक्रार कुठल्या तोंडाने करणार. आणि वेटिंगमध्ये पाय या विषयावर जे ऐकायला मिळतं! एक काका होते, जांभळी नाक्याहून तलावपाळीपर्यंत चाललं की पोटरीत गोळा यायचा, दोन मिनिटं नुसतं उभं राहिलं की गायब, परत तेवढंच चाललं की परत. सगळे सायटिका म्हणत होते, कमरेला पट्टा बांधून झाला होता. त्यांचा तो घोट्याचा आकडा कमी आला, पायाची धमनी. मॅडमनी त्यांना सांगितलेलं त्यांनी आम्हाला सांगितलं, कमरेतली नस दबली असेल तर नुसतं उभं राहून भागत नाही, वाकावं किंवा बसावं लागतं. तंबाखू बंद, गोळ्या, आणि रोज दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, परत चालायचं, असं लिहून दिलंय म्हणे. आणि छातीचाही कार्डिओग्राम, कारण पायाची धमनी भरत आलीये तर हृदयाची पण असू शकते.

नणंदेच्या मिस्टरांना आम्हीच पाठवलं, तळव्यांना मुंग्या आणि जळजळ. त्यांचं डॉपलर केलंच नाही. कंपन करणारा चिमटा हाडाला लावून बघितला, नायलॉनची तार तळव्याला टेकवून बघितली आणि विचारलं मेटफॉर्मिन किती वर्षं. बरीच. मेटफॉर्मिनने बी12 कमी होऊ शकतं, ते तपासा आणि तुमच्या शुगरच्या डॉक्टरांकडे जा. आणि मी तर आईंसोबत गेलेली, सहज बोलले की रात्री आडवं झालं की पायात कसंतरी होतं, हलवल्याशिवाय राहवत नाही, उठून चालले की बरं वाटतं. तेव्हा म्हणाल्या हिमोग्लोबिनवर थांबू नका, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) करा, ते 75 च्या खाली असलं तर लोह देऊन बघतात. माझं बरंच खाली निघालं. माझी फी घेतली नाही.

रिसेप्शनच्या भिंतीवर मराठीत एक बोर्ड आहे तो मात्र सगळ्या दवाखान्यांनी लावावा. एकाच पायाला अचानक सूज आणि पोटरीत दुखणं, खास करून ऑपरेशन, प्लास्टर किंवा लांबचा प्रवास झाल्यावर, तर वेळ घेत बसू नका, त्याच दिवशी दाखवा, आणि सोबत धाप किंवा छातीत दुखत असेल तर इथे न येता सरळ मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत. पाय अचानक थंड आणि पांढरा पडून खूप दुखायला लागला तरी तेच. आणि खाली, पोटरीला गुठळीची शंका असेल तर मालीश करू नका.

पैशांचं सगळे विचारतात. तपासायची फी आठशे, डॉपलरचे वेगळे, बँडेजचे दर वेळी वेगळे, पावती मागितल्याशिवाय देत नाहीत तर मागा. लेझरला मेडिक्लेम डे-केअरमध्ये मिळाला पण आमची पॉलिसी जुनी होती म्हणून. बऱ्याच पॉलिसींत व्हेरिकोज व्हेन्सला दोन वर्षांचा वेटिंग पिरियड असतो, आणि दिसायला वाईट दिसतं म्हणून करतायत असा संशय आला की कंपनी अडवते, त्यामुळे जखमेचे फोटो तारखेसकट ठेवा आणि डॉपलर रिपोर्टवर किती सेकंद रक्त उलटं येतंय तो आकडा लिहून घ्या. आमच्याकडे कंपनीने नेमका तोच मागितला. आणि साडी किंवा सैल सलवार घालून या, जीन्समध्ये आलेल्या एका मुलीला त्या दिवशी दुसऱ्या दिवशीची वेळ घ्यावी लागली.